हरली कोण? ‘वंजिकोट्टै वालिबन’मधल्या एका नाचाचं प्रकरण

तमिळनाडूत एखाद्या मतदारसंघात दोन तगडे उमेदवार समोरासमोर आले की कुणीतरी म्हणतंच, ‘सबाश, सरियान पोट्टी!’ क्रिकेटचा सामना शेवटच्या षटकात गेला तरी हेच. शाबास, चढाओढ असावी तर अशी, एवढाच अर्थ. ‘शाबास’ फारसीतून आपल्याकडे आला तसाच तिकडेही गेला, त्यामुळे मराठी माणसाला वाक्याचा एक तुकडा फुकटातच कळतो. उरलेल्यात ‘सरियान’ म्हणजे बरोबर, अस्सल. आणि ‘पोट्टी’ म्हणजे स्पर्धा. वाक्य १९५८ सालच्या एका सिनेमातलं आहे. बोलतो खलनायक, पी. एस. वीरप्पा. त्याच्यासमोर त्या वेळी पद्मिनी नाचत असते आणि वैजयंतीमाला नुकतीच रिंगणात उतरलेली असते.

जुन्या तमिळ सिनेमातल्या अभिनेत्रींच्या जोड्या काढायच्या म्हटल्या तर ढीगभर निघतील. ‘कल्याण परिसु’मधल्या (१९५९) बहिणी, बी. सरोजादेवी आणि विजयकुमारी. ‘सरस्वती शपथम’मध्ये (१९६६) तर सावित्री, पद्मिनी आणि देविका अशा तीन देव्याच एकमेकींशी भांडतात. मी मात्र या एकाच नाचाचं प्रकरण घेतलंय, जेमतेम आठ-नऊ मिनिटांचं. दोन सारख्या तोलाच्या नायिका एका सिनेमात घेतल्या की कुणाला किती, हा हिशेब एरवी पटकथेत इकडेतिकडे दडपून टाकता येतो. एकीला दोन गाणी जास्त द्यायची, दुसरीला मरणाचा प्रसंग द्यायचा, झालं. इथे तो हिशेब भर दरबारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मांडावा लागला.

सिनेमा मद्रासच्या जेमिनी स्टुडिओचा, दिग्दर्शक स्टुडिओचे मालक एस. एस. वासन. ‘वंजिकोट्टै वालिबन’ म्हणजे वंजिकोट्टैचा तरुण. गोष्टीला आधार ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’चा: निष्ठावंत घराण्यातल्या तरुणावर अन्याय, कैद, सुटका, सूड. नायक जेमिनी गणेशन. हा माणूस पूर्वी याच स्टुडिओत नोकरीला होता आणि नावातलं ‘जेमिनी’ तिथूनच चिकटलेलं. नायकाची पद्मा नावाची प्रेयसी आहे, ती पद्मिनी. शिवाय रत्नद्वीपाची राजकन्या मंदाकिनी त्याच्यावर भाळलेली आहे, ती वैजयंतीमाला. या दोघी राजवाड्यात समोरासमोर येतात तेव्हा तलवारी निघत नाहीत, चाळ वाजतात.

गोष्टीकडून फार अपेक्षा ठेवू नका. मी सिनेमा दोनदा पूर्ण पाहिला आणि दुसऱ्यांदा बराचसा पुढे पळवत पाहिला. नाच किती वेळा पाहिला ते सांगत नाही.

वासन यांची अडचण

वासन हे जाहिरातीतून आणि ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकातून वर आलेले. प्रेक्षकाची नाडी हाच त्यांचा धंदा. ‘चंद्रलेखा’ (१९४८) त्यांनी तमिळमध्ये काढला, हिंदीत नेला आणि प्रचंड ढोलांवरच्या नाचाने सगळा देश थक्क करून सोडला. तेव्हापासून एक पाय मद्रासमध्ये आणि एक मुंबईच्या बाजारात, ही त्यांची चाल. या सिनेमाचीही हिंदी आवृत्ती त्याच वर्षी आली, ‘राज तिलक’. तिन्ही मुख्य नट तेच.

इथेच गोची आहे. तमिळ प्रेक्षकाच्या लेखी पद्मिनी घरची होती. शिवाजी गणेशनबरोबरचे तिचे सिनेमे एकामागून एक येत होते. वैजयंतीमालाही मूळची मद्रासचीच, पहिला सिनेमा ‘वाळ्कै’ (१९४९) तमिळच. पण ‘नागिन’ (१९५४) आणि ‘देवदास’नंतर (१९५५) ती हिंदीची झाली होती. म्हणजे मदुराईच्या थिएटरात पद्मिनी हरलेली चालली नसती आणि मुंबईच्या थिएटरात वैजयंतीमाला. हा माझा तर्क आहे. पण वासन यांच्यासारख्या माणसाने हा विचार केला नसेल हे मला पटणं कठीण आहे.

वैजयंतीमालाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ‘देवदास’मधल्या चंद्रमुखीसाठी तिला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक जाहीर झालं तेव्हा तिने ते घेतलं नाही. आपली भूमिका पारोच्या भूमिकेच्या बरोबरीची आहे, मग सहायक कसली, असं तिचं म्हणणं. त्या सिनेमात सुचित्रा सेन आणि ती फक्त एकदा समोरासमोर येतात. एक पालखीत, एक रस्त्यावर, एक शब्द नाही. बरोबरीचं माप काय असतं याबद्दल इतकी नेमकी असलेली नटी तीन वर्षांनी पद्मिनीसमोर उभी राहणार होती. जेमिनीशी तिचं घरचं नातंही जुनं: तिची आई वसुंधरादेवी ‘मंगम्मा शपथम’ (१९४३) या जेमिनीच्याच गाजलेल्या सिनेमाची नायिका.

जोडीने नाचणारी आणि एकटी नाचणारी

माझ्या मते या नाचाचं अर्धं यश नटींच्या निवडीतच ठरलं होतं.

पद्मिनी तिरुवनंतपुरमची. ललिता, पद्मिनी, रागिणी या तिघी ‘त्रावणकोर भगिनी’ म्हणून ओळखल्या जात. गुरू गोपीनाथ यांच्याकडे शिक्षण, नंतर उदयशंकर यांच्या ‘कल्पना’त (१९४८) नाच, आणि मग चाळीस-पन्नासच्या दशकात दक्षिणेत निघालेल्या कितीतरी सिनेमांत ललिता-पद्मिनीचा एक नाच हवाच असे. गोष्टीशी त्याचा संबंध असो नसो. म्हणजे पद्मिनी लहानपणापासून शेजारी कुणीतरी आहे हे धरूनच नाचत आली. शेजारणीचा हात कुठवर येईल, आपण किती सरकायचं, तिने लय उचलली की आपण कुठे थांबायचं, हे सगळं तिच्या अंगात मुरलेलं.

वैजयंतीमाला याच्या अगदी उलट. आजी यदुगिरीदेवींनी वाढवलेली, वळुवूर रामय्या पिल्लै यांची शिष्या. अगदी लहान असताना, १९४० साली, व्हॅटिकनमध्ये पोपसमोर नाचून आलेली. भरतनाट्यमची कच्चेरी, म्हणजे मैफल, एकटीची असते. रंगमंच तुझा, प्रेक्षक तुझा, दोन तास तूच. त्यामुळे तिची नजर सरळ समोर जाते, पाहणाऱ्यावर. पद्मिनीची नजर आधी जोडीदारिणीकडे जाते आणि मग आपल्याकडे. नाच पाहताना आवाज बंद करून नुसत्या दोघींच्या माना बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

मराठी वाचकासाठी एक आडवळण घेतो. ज्या अलारिप्पू (सुरुवातीचा नाच) ते तिल्लाना (शेवटचा) या क्रमाने आज भरतनाट्यम सादर होतं, तो क्रम बसवला तंजावरच्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि ते होते सरफोजी राजांच्या, म्हणजे भोसल्यांच्या दरबारात. त्यातला वडिवेलू पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाल यांच्या पदरी गेला. वैजयंतीमालाने नंतर ज्या किट्टप्पा पिल्लै यांच्याकडे शिक्षण घेतलं ते याच भावांच्या वंशातले. तंजावर आणि त्रावणकोर. १९५८ च्या त्या खोट्या दरबारात समोरासमोर आलेल्या दोघींच्या मागे हे दोन खरे दरबार आहेत.

नाच बसवला मात्र या परंपरेतल्या नट्टुवनाराने, म्हणजे नृत्यगुरूने नाही, हिरालाल यांनी. हिरालाल आणि सोहनलाल हे जयपूरकडचे भाऊ, कथकच्या घरातले. सरोज खान ज्यांच्या हाताखाली तयार झाल्या ते सोहनलाल हेच. त्यामुळे इथे अरैमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, वाकलेले गुडघे आहेत, मुद्रा आहेत, आणि मधेच कथकसारख्या गिरक्या आहेत. शुद्धतेच्या नावाने कुणी नाक मुरडेल. पण हिरालाल दोन्हीपैकी एकाही बाजूचे नव्हते हे पथ्यावर पडलं. माहेरचा खेळ कुणाचाच नव्हता.

चितळकरांचा डाव

आणि संगीत पुणतांब्याच्या माणसाचं. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, अण्णा.

तमिळ सिनेमात मराठी संगीतकार म्हणून आज याचं आश्चर्य वाटतं, पण अण्णांना मद्रास नवीन नव्हतं. संगीतकार म्हणून त्यांची सुरुवातच ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या तमिळ सिनेमांपासून झालेली. १९५५ साली कोइमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओच्या ‘आझाद’ला त्यांचं संगीत होतं, त्यातलं ‘अपलम चपलम’ आठवा. गाणाऱ्या लता आणि उषा मंगेशकर, नाचणाऱ्या साई आणि सुब्बुलक्ष्मी ही दक्षिणेतली जोडी. वासन यांचा ‘इन्सानियत’ही त्याच वर्षीचा आणि अण्णांचाच. दोन बायका, दोन गळे आणि वेगाने वाढत जाणारा ठेका, ही कामगिरी त्यांच्या हातची होती.

इथे त्यांनी सोपी वाट घेतली नाही. एकच चाल दोघींना आलटून पालटून देता आली असती. मग फरक फक्त चेहऱ्यांचा उरला असता. त्याऐवजी पद्मिनीला पी. लीला यांचा आवाज आणि संथ, झुलणारी चाल मिळाली: डोळ्यांत डोळे मिसळले, आनंद साजरा होतोय, अशा अर्थाची. लीला यांचा गळा शास्त्रीय बैठकीचा, भरीव, किंचित जड. ती चाल ऐकणाऱ्याच्या अंगवळणी पडते न पडते तोच वैजयंतीमाला येते आणि ठेकाच बदलतो. आता आवाज जिक्कीचा. पातळ, धारदार, खट्याळ. ‘जिलु जिलु’ असे शब्दच ठिणग्यांसारखे उडतात. मी जगाला भुरळ घालीन, असा त्या ओळीचा तोरा. पद्मिनी प्रेमाबद्दल गात होती. ही स्वतःबद्दल गाते. पात्रांचे स्वभाव संवादांशिवाय, नुसत्या लयीतून उभे राहतात.

वीरप्पाची ‘शाबास’ येते ती या वळणावर. वीरप्पा त्याच्या गडगडाटी हसण्यासाठी प्रसिद्ध. तो खलनायक आहे आणि आत्ता या क्षणी निव्वळ प्रेक्षक झालाय. थिएटरातल्या माणसाला जे ओरडावंसं वाटतंय ते पडद्यावरचा दुष्ट माणूस त्याच्या आधी ओरडून टाकतो. नायकाच्या तोंडी हे वाक्य घातलं असतं तर तो कुणाची बाजू घेतोय हा प्रश्न आला असता. वीरप्पाला दोघींपैकी कुणाचंच सोयरसुतक नाही. त्याची दाद त्यामुळे खरी वाटते.

गीतकार कोत्तमंगलम सुब्बू. पुढे एक ओळ येते तिचा अर्थ असा: उगाच चतुराईचं बोलू नकोस गं, माझ्या चाळांना उत्तर दे. तमिळमध्ये ‘सलंगै’, आपल्याकडे लावणीवाली पायात बांधते तेच चाळ. तमाशातल्या सवाल-जवाबाची सवय असलेल्या माणसाला ही ओळ लगेच घरची वाटते. फरक एवढाच, की आपल्या सवाल-जवाबात एक फड हरतो. हरणं हाच त्याचा पैजेचा विडा असतो. सुब्बूंना स्पर्धेचं वेड होतं असं म्हणायला जागा आहे: ‘तिल्लाना मोहनांबाळ’ ही नादस्वरवादक आणि नर्तकी यांच्या चढाओढीची कादंबरी त्यांचीच, वासन यांच्या ‘आनंद विकटन’मधून क्रमशः आलेली. १९६८ साली तिचा सिनेमा झाला तेव्हा मोहना कोण? पद्मिनी.

पाय आधी की चेहरा

ओळ संपते आणि शब्द मागे पडतात. उरतात बोल आणि पाय. एकीने पायाने काही म्हणायचं, दुसरीने ते परत करून वर चार मात्रा टाकायच्या. इथे काळा-पांढरा सिनेमा मदतीला येतो असं मला नेहमी वाटतं. रंग असते तर साडीचा रंग, दागिन्यांची लकाकी, असं काहीतरी डोळ्यांत भरलं असतं. आता नजर जाते ती थेट हालचालीच्या कडांवर: कोपराचा कोन, टाच आपटल्यावर झालरीला बसणारा हिसका, गिरकीच्या शेवटी मान जिथल्या तिथे अडकते तो क्षण.

वैजयंतीमालाचं सगळं वेगात आहे आणि वेगात असूनही रेघा पुसट होत नाहीत. पद्मिनीचं वजन खाली आहे, जमिनीत. ती जास्त डोळ्यांनी नाचते. एखादी अवघड जागा आली की वैजयंतीमालाचं हसू वाढतं. पद्मिनीची भुवई वर जाते. बस, एवढाच फरक मनात ठेवून शेवटची दोन मिनिटं पाहावीत, जिथे लय चढत जाते आणि दोघी एकाच चौकटीत येतात.

पन्नाशीतल्या आमच्या एका माटुंग्याच्या मामी आहेत, पूर्वीच्या शेजारीण. त्यांच्याकडे पहिल्यांदा मी हा नाच नीट पाहिला. टीव्हीवर लागला तसा त्यांनी गॅस बारीक केला आणि रसमचा डाव हातात तसाच धरून दारात उभ्या राहिल्या. मामी पद्मिनीच्या पक्षाच्या, मुलगी वैजयंतीमालाच्या. दोघींचं त्यावरून रोजचं असावं असं वाद घालण्याच्या सफाईवरून दिसत होतं. मी मराठी, तटस्थ म्हणून मला विचारलं गेलं. मी म्हटलं, निकाल लागू दे की. तेव्हा दोघी एकदम हसल्या.

निकाल लागत नाही. नाच शिगेला पोचतो आणि हार-जीत न ठरताच थांबतो.

याभोवती मग दंतकथा जमणारच होत्या. कुणी कुणाच्या आधी सेटवर आलं, कुणाचे क्लोज-अप मोजले गेले, असल्या. त्यातलं खरंखोटं ठरवण्यात मला रस नाही. पडद्यावर जे आहे ते पुरेसं सांगतं: दोघींना सारखा वेळ देण्यापेक्षा वेगळी लय देण्यात बरोबरी शोधली गेली. एकाच फूटपट्टीने मोजता येतील अशा दोन गोष्टी ठेवल्या असत्या तर एक लहान ठरलीच असती. दहाएक वर्षांनी के. बालचंदर यांनी ‘इरु कोडुगळ’ (१९६९) केला, नावाचा अर्थच ‘दोन रेघा’. रेघेला हात न लावता ती लहान करायची तर शेजारी मोठी रेघ ओढायची, हे तिथलं सूत्र. साहुकार जानकी कलेक्टर, जयंती घरची बायको, आणि मधे पुन्हा तेच, जेमिनी गणेशन. तो सिनेमा हुशार आहे, पण त्यात दोघी शेवटपर्यंत एकमेकींच्या मापानेच मोजल्या जातात. नाचात ते टळलंय.

टळलं नाही ते एक: हे सगळं एका पुरुषासाठी चाललंय. नाचाबाहेर आलं की पुन्हा तीच सवतीची गोष्ट सुरू होते, आणि दोन एवढ्या थोर नर्तकींना एकमेकींशी बोलायला त्याखेरीज विषय नसतो. नाच चालू असताना मात्र जेमिनी गणेशन या गृहस्थांची आठवण राहत नाही. ते बिचारे देखणे, नेटके, आणि त्या आठ मिनिटांत पूर्णपणे अनावश्यक.

तमिळमध्ये सिनेमा चालला. हिंदीत ‘राज तिलक’चं नाव आज फारसं कुणी घेत नाही. तिथे हाच नाच ‘आजा तू राजा आजा’ म्हणून आला, आशा भोसले आणि सुधा मल्होत्रा यांच्या आवाजात. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावेत. मला हिंदीत तो थोडा गुळगुळीत वाटतो. आशाबाईंचा दोष नाही; लीला आणि जिक्की यांच्या गळ्यांत जे अंतर आहे, त्याच्यावर तमिळ नाचाचं निम्मं भांडण उभं आहे. गंमत अशी की त्याच १९५८ मध्ये ‘अमर दीप’ही आला. देव आनंदसोबत वैजयंतीमाला आणि पद्मिनी, संगीत पुन्हा सी. रामचंद्र. मूळ तमिळ ‘अमर दीपम’मध्ये (१९५६) पद्मिनीच्या जोडीला सावित्री होती, हिंदीत सावित्रीच्या जागी वैजयंतीमाला आली. तेच तिघे, तेच वर्ष. पण त्या जोडीची आठवण कुणी काढत नाही, कारण तिथे त्यांना एकमेकींच्या समोर उभंच केलं नाही.

पुढच्या वर्षी अण्णांनी शांतारामबापूंच्या ‘नवरंग’ला संगीत दिलं. त्यातल्या होळीच्या नाचात संध्या एकटीच बाई आणि पुरुष दोन्ही होते, डोक्यामागे मुखवटा बांधून. जुगलबंदीच, पण एकाच अंगात.

भन्साळींच्या ‘देवदास’मध्ये (२००२) पारो आणि चंद्रमुखी एकत्र नाचल्या, ‘बाजीराव मस्तानी’त (२०१५) काशीबाई आणि मस्तानी. ‘पिंगा’वरून आपल्याकडे केवढा गहजब झाला, पेशव्यांच्या घरातली बाई अशी नाचेल का, वगैरे. माझी तक्रार वेगळी आहे. त्या दोन्ही नाचांत दोघी एकसारखे कपडे घालून एकसारखी पावलं टाकतात. सख्य दाखवायचंय, मान्य. पण मग कोण कोणती, हे पावलांवरून कळत नाही. १९५८ च्या नाचात नुसत्या सावल्या दाखवल्या तरी मामींना सांगता येईल पद्मिनी कुठली.

मामींची मुलगी आता न्यू जर्सीत असते. पद्मिनी लग्नानंतर तिथेच राहायला गेली होती आणि १९७७ साली तिने तिथे नृत्यशाळा काढली. नातीला नाचाच्या क्लासला घातलं तेव्हा मामींनी फोनवर हे अभिमानाने सांगितलं. २०२४ मध्ये वैजयंतीमालाने नव्वदीत अयोध्येत भरतनाट्यम केलं, आणि त्याच वर्षी तिला पद्मविभूषण मिळालं, तेव्हा मुलीने तिकडून व्हिडिओ पाठवला. खाली एकच ओळ होती, रोमन लिपीत लिहिलेली तमिळ. मामींनी ती मला वाचून दाखवली आणि फोन पालथा ठेवला. पद्मिनी २००६ साली गेली, ती असती तर तिनेही नाचून दाखवलं असतं, असं म्हणत त्या आत गेल्या.